भिंत सारवू नये, ही विनंती

१ जून १९५९, सोमवार. रेवदंडा.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणून नाही. बोलायला कोणी नाही म्हणून तर मुळीच नाही. सरकारी कामाची नोंद असावी म्हणून.

नाव शिवदास. गाव थळ. वय सतरा, खात्याच्या कागदावर अठरा. हुद्दा तसा बादलीवाला. पण बादलीत गेरू असतो आणि हातात ब्रश, म्हणून मी स्वतःला प्रचारक धरतो. पंपवाला गुणाजी घरात शिरून भिंतींवर डीडीटी मारतो. मी बाहेर दाराशेजारी लिहितो:

फवारलेली भिंत सारवू नये, ही विनंती.

खाली तारीख. वर घराचा नंबर.

इन्स्पेक्टर साहेबांनी समजावून सांगितलं. डास माणसाला चावतो, मग भिंतीवर टेकतो. भिंतीवर औषध असलं की तिथेच मरतो. बायकांनी वरून शेणमातीने सारवलं की औषध झाकलं, डास मजेत. म्हणजे सगळं मलेरिया निर्मूलन शेवटी या एका वाक्यावर उभं आहे. आणि वाक्य माझ्या हातचं. विचार केला की छाती भरून येते.

"ही विनंती" हे माझं स्वतःचं. साहेबांच्या कागदावर नुसतं "सारवू नये" होतं. तसं लिहायला बरं वाटेना. लोकांच्या घराला आपण असं कसं सांगणार.

२ जून.

घर कसं सोडलं ते लिहून ठेवतो. पुढेमागे कोणी विचारलं तर गोंधळ नको.

सातवीत पंधरा ऑगस्टला माझं भाषण होतं. उभा राहिलो. "अध्यक्ष महाराज" म्हणालो. पुढचं अजून आलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही.

मग बाच्या होडीवर. खांदेरी बेटाच्या अलीकडेच ओकलो. दुसऱ्यांदा ओकलो. तिसऱ्यांदा होडीत बसायच्या आधीच ओकलो. आम्ही कोळी. हे थळात कधी झालं नव्हतं. जाळं दुरुस्त करायला दहा माणसं बसली होती, त्यांच्यात बा म्हणाला, "साला याला झेपत नाय, दर्या याला झेपत नाय. मंग याला झेपतं काय?" सगळे हसले. बा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात फवारणीवाले आमच्या गावात आले. त्यांचा लिहिणारा आजारी. मी न सांगता ब्रश घेतला आणि आमच्याच घराच्या दाराशेजारी लिहिलं. साहेब म्हणाले, अक्षर छान आहे, येतोस का? आय मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात गेली होती. बा ओट्यावर जाळं शिवत होता. मी पिशवी घेऊन त्याच्या समोरून गेलो. सुई थांबली नाही.

ठरवलंय: बा स्वतः बोलावील तेव्हाच घरी जायचं. तोपर्यंत इतकं काम करून दाखवायचं की त्याला बोलवावंच लागेल.

४ जून.

राहायला सरकारी गोदाम. डीडीटीची पिंपं, पंप, फुटक्या बादल्या आणि मी. खिडकी एक, तिला दार नाही, हवा चांगली येते. मागे डबकं. बेडूक आहेत, सोबत होते.

आज रेवदंड्यातल्या सगळ्या घरांना नंबर घातले. गोदामाला नाही. गुणाजीला विचारलं तर म्हणाला, "हितं कोन ऱ्हातंय? नंबर घराला मारतात, मास्तर." तो मला मास्तर म्हणतो. मी सातवी नापास हे त्याला माहीत आहे.

नंबर नाही म्हणून फवाराही नाही. बरंच झालं. डीडीटीचा वास मला दिवसभर पुरतो.

७ जून, रविवार.

गुणाजी सुट्टीला गावी गेला. तो खारेपाटातला, मिठागरवाल्यांचा. त्याची बायको रोज देवाला सांगते म्हणे की याला लवकर घरी पाठव. मी गेलो नाही. मला कोणी अडवलेलं नाही, पण गेलो नाही.

साहेबांनी पत्र्याचा कर्णा दिलाय. लिहिणं पुरत नाही, बायका वाचत नाहीत, ओरडून सांग म्हणाले. मी हो म्हणालो. आज किनाऱ्यावर सराव केला. माणूस नव्हतं. कर्णा तोंडाला लावून म्हणालो, "बंधू आणि भगिनींनो." खेकडे बिळात गेले. आवाजात दम आहे.

उद्यापासून वस्तीत.

८ जून.

आज वस्तीत कर्णा नेला. वारा उलटा होता. उद्या.

१२ जून.

पाऊस. कर्ण्यात पाणी जाऊन तो गंजेल म्हणून गोदामात ठेवलाय. सरकारी वस्तू.

माझं मत असं झालंय की ओरडून सांगितलेलं माणूस विसरतो. लिहिलेलं रोज समोर दिसतं. ते हळूहळू आत उतरतं. हे साहेबांना एकदा सांगायला हवं. चांगली वेळ बघून.

२० जून.

फवारलेल्या घरांची परत पाहणी करायचं काम मला मिळालं. स्वतंत्रपणे! गुणाजी नाही, साहेब नाहीत.

कोळीवाड्यापासून सुरुवात केली. पहिलं घर राहीकाकूचं. पन्नाशीची बाई, अख्ख्या वस्तीत तिचा आवाज. अंगणात उभा राहिलो. आत जायचं असतं खरं तर, भिंतीवर औषधाचे पांढरे डाग आहेत का बघायला. पण आत बायामाणसं. आणि काय म्हणून जाणार? अंगणातूनच विचारलं. म्हणजे विचारणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "काय बगतंस रं उंबऱ्याकरं? तुजं लिवलेलं हाय तसं हाय बग."

खरंच होतं. एक अक्षर पुसलं नव्हतं. तिचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते. मी बघितलं हे बघून म्हणाली, "आंगन रं, आंगन."

पावसात अंगण सारवतात हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक गावची रीत वेगळी.

पुढच्या घरीही अक्षरं जागेवर. त्याच्या पुढेही. सगळीकडे शेणाचा वास आणि सगळीकडे माझं वाक्य शाबूत. पाहणी यशस्वी.

२८ जून.

साहेबांना सांगितलं. कोळीवाडा शंभर टक्के. चौलच्या वाड्यांतलीही बहुतेक घरं. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन बघितलंस ना? मी मान हलवली. ती हो अशीच हलली असावी, कारण साहेब म्हणाले, "शाब्बास." म्हणाले, इतर तालुक्यांत सगळ्या बायका सारवून मोकळ्या होतात, तुझ्याकडे काय जादू आहे?

मला "विनंती" सांगायचं होतं. मी पुन्हा मान हलवली. पण त्यांनी ओळखलं असेल.

रात्री बेडूक फार ओरडले. झोप नाही. आनंदाने.

५ जुलै.

गुणाजी सुट्टीहून आला. येताना अलिबागच्या बाजारात त्याला माझी आय भेटली. नीराबाई कोणती हे त्याने तिच्या आवाजावरून ओळखलं म्हणे. तिने माझ्यासाठी सोडे आणि सुके बोंबील बांधून दिलेत. निरोप: पुनवेला ये.

नारळी पुनवेला अजून दीड महिना आहे. आत्तापासून निरोप.

बाचं काही विचारलं नाही. गुणाजीच्या शेजारी बसून त्याचा पंप पुसला. शेवटी तोच म्हणाला, "बापूस काय बोलला त्या म्हाईत नाय. तुजी आयसच बोलत व्हती, दुसऱ्याला जागाच नव्हती."

म्हणजे बोलला असेल. जागा नव्हती म्हणून निरोप राहिला असेल.

बोंबील भाजले. पिंपांच्या मध्ये बसून खाल्ले. वास सगळ्या गोदामात. डोळे मिटले तर थोडंसं आपल्याच पडवीत बसल्यासारखं. उघडले तर डीडीटी. थोडा वेळ मिटूनच खाल्ले.

६ जुलै.

काल लिहिलं ते अशक्तपणामुळे. मी इथे खूश आहे. उद्यापासून कर्णा.

१९ जुलै, रविवार.

गुणाजी गावी. मी पाहणीला गेलो. सुट्टी होती तरी. कोणाच्या तरी अंगणात उभं राहिलं की दिवस बरा जातो.

राहीकाकूने कांदा-भाकर दिली. पडवीत बसवलं. आत ये म्हणाली, मी नको म्हणालो. ती आपली बोलत होती, मी ऐकत होतो. म्हणाली, तुजं सायेब बायकांना इचारत नाय काय कंदी? मी विचारलं, का? तर म्हणाली, मेल्याच्या घरची भित सारवत नाय आमी. सुतक फिटंपातूर हात लावत नाय. पांढरं ठिपकं पडल्यालं, उकललं-पोपडलं घर म्हंजे मानूस गेल्यालं घर. "आन तुमी सांगताव, चांगल्या नांदत्या घरात सुतक पाला!"

मी म्हणालो, पण डास. ती म्हणाली, "डास काय, आज हाय उद्या नाय. पुनवेला पावनं येतील ते भित बगतील का डास बगतील?"

मग म्हणाली, "तुजं लिवलेलं मात्र आमी राखलंय. पुसू नको असंच लिवलंयस ना?"

खरं म्हणजे मी तिला एकदाही वाचून दाखवलेलं नाही. वाचून दाखवायचं काम कर्ण्याचं. मी म्हणालो, साधारण तसंच.

या गप्पांतून नवी घोषणा सुचली: "न सारवलेले घर, नांदते घर." साहेबांना दाखवायची. लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं की प्रचार सुधारतो.

तिचं घर सुद्धा पुनवेसाठी सारवायचं राहिलंय असं मी धरून चाललोय. आतून कसा वास आला ते लिहीत नाही.

३० जुलै.

दोन बातम्या.

पहिली: पुण्याहून मोठे साहेब येणार. माझ्याच भागात. शंभर टक्के कसं झालं हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय. मला इस्त्रीचा सदरा घालायला सांगितलंय. मला बढती मिळणार असं गुणाजी म्हणतो. म्हणजे तो म्हणाला, "आता तुजं काय खरं नाय, मास्तर." अर्थ तोच.

दुसरी पहिलीपेक्षा मोठी. साहेब थळला जाऊन आले. तिथे एकूण एक घर सारवलेलं. फक्त एक सोडून. त्या घरात आतल्या भिंती मे महिन्यात फवारल्या तशाच्या तशा. पांढरे डाग, वर हातसुद्धा फिरलेला नाही. साहेब म्हणाले, अख्ख्या तालुक्यातलं आदर्श घर. बाईचं नाव नीराबाई.

आमचं घर! माझं पहिलं वाक्य!

आयला वाचता येत नाही. पण मुलाच्या हातचं अक्षर आई न वाचताही वाचत असणार. प्रचार असा उतरतो. मला रडू आलं, यशामुळे.

आता बा काय म्हणेल? याला हे झेपतं, म्हणेल. निरोप या आठवड्यात यायला हवा.

७ ऑगस्ट.

निरोप नाही. पावसामुळे रस्ता बंद असेल. एस.टी. चालू आहे म्हणे, पण निरोपांचं वेगळं असतं.

१० ऑगस्ट, सोमवार.

मोठे साहेब आले. थोडक्यात लिहितो.

त्यांनी माझं अक्षर पाहिलं, छान म्हणाले. मग बूट काढून सरळ राहीकाकूच्या घरात गेले. मी अंगणात. हाक आली, तुम्हीही या. पहिल्यांदाच रेवदंड्यातल्या घरात पाय ठेवला. थंड, अंधारं, स्वच्छ. भिंती खालपासून वरपर्यंत सारवलेल्या, हाताच्या बोटांच्या सुंदर लाटा उमटलेल्या. आमची आय अशीच काढते. मोठ्या साहेबांनी नखाने भिंत खरवडली. वरचा थर शेणाचा. त्याच्या खाली जुना थर. औषध मध्ये, पोळीतल्या पुरणासारखं.

पुढचं घर तसंच. त्याच्या पुढचंही.

मोठ्या साहेबांनी विचारलं, तुम्ही आत येऊन पाहिलं होतं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. आत फक्त "अध्यक्ष महाराज" होतं. बंद केलं.

राहीकाकू मध्ये पडली. "त्याला नका बोलू, सायेब. त्याचं लिवलेलं आमी जीवापार राखलंय. बगा बगा, चारी बाजूनी सारवलं पन अक्षराला बोट लागू दिलं नाय." आणि खरंच, बाहेरच्या भिंतीवरही ताजं सारवण, मध्ये माझं वाक्य तसबिरीसारखं. सगळ्या दारांशेजारी. फवारलेली भिंत सारवू नये, ही विनंती.

मोठे साहेब हसले. आमचे साहेब हसले नाहीत.

११ ऑगस्ट.

काल घाईत लिहिलं. शांतपणे विचार केला तर ते अपयश नाही. बायकांनी औषधावर थर दिला म्हणजे ते उडून जाऊ नये अशी त्यांना काळजी वाटली असणार. शिवाय अक्षर राखलं. प्रचाराचा पहिला टप्पा म्हणजे लोकांनी प्रचारावर प्रेम करणं. दुसरा टप्पा पुढच्या वर्षी.

आणि आदर्श घर आहेच. थळातलं. ते कोणी नाकारू शकत नाही.

साहेबांनी ब्रश काढून घेतलाय. तात्पुरता. ब्रशला विश्रांती हवीच होती.

१४ ऑगस्ट.

थंडी वाजते. पावसाळी हवा. दोन गोणपाटं पांघरली.

१५ ऑगस्ट, शनिवार.

झेंडावंदनाला गेलो. एक पोरगा भाषणाला उभा राहिला, "अध्यक्ष महाराज" म्हणाला आणि पुढेही बोलला. बराच वेळ. माझे दात वाजत होते. लोकांना वाटलं मी भारावलोय.

दुपारी घाम. संध्याकाळी एकदम बरा. मला काही झालेलं नाही.

१६ ऑगस्ट.

परत. गोदामात पडून होतो. पिंपं हलत होती. एका पिंपावर बा बसून जाळं शिवत होता. मी म्हटलं, बोल की. सुई थांबली नाही.

राहीकाकू आली. मी दोन दिवस अंगणात उभा राहिलो नाही म्हणून बघायला आली. कपाळाला हात लावला आणि बाहेर जाऊन गुणाजीला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. "डास मारनारे मेले, आन पोराला डबक्याकरं निजवलाव! भितीला औषीद मारलंव का हितं?" गुणाजी म्हणाला, "याला नंबर नाय, काकू."

साहेब आले. बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. गोळ्या दिल्या, कडू. बराच वेळ खिडकीकडे आणि मागच्या डबक्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माझंच चुकलं." कशाबद्दल ते मला कळलं नाही. तापात ऐकलेलं असल्यामुळे खात्री नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार.

मलेरियाच. तालुक्यात या पावसाळ्यात कोणालाच नव्हता. पहिला मी.

नियम असा की रोगी सापडला की त्याचं घर लगेच फवारायचं. साहेबांनी विचारलं, घर कुठलं लिहू? मी म्हणालो, हेच. ते म्हणाले, हे गोदाम आहे. मी म्हणालो, मग राहू द्या. ते म्हणाले, राहू कसं देणार, घर कुठलं तुझं?

बेडूक ओरडत होते. शेवटी थळ म्हणालो.

मग सगळं भराभर झालं. मला जीपमध्ये मागे घातलं, पंपाशेजारी. गुणाजीने डोकं मांडीवर घेतलं. मी त्याला सांगत होतो, बाने बोलावलेलं नाही, मी असा जाणार नाही. तो म्हणाला, "तू जात नाईस, आमी नेतो. पेशंट हायस, गप ऱ्हा." पेशंटला काही ठरवता येत नाही हा एक फायदा आहे.

रात्री आठ. थळ.

मी ठरवलं होतं सरकारी माणूस म्हणून येईन. सदरा इस्त्रीचा, साहेब शेजारी. साहेब शेजारी होते. बाकी गोणपाट.

जीप वाळूच्या अलीकडे थांबते. पुढे होड्या रंगवून ठेवलेल्या, उद्याच्या पुनवेसाठी. माणसं जमली. बा त्यांच्यातून आला. माझ्यासमोर पाठ करून वाकला. गुणाजीने मला त्याच्या पाठीवर घातलं. अर्ध्या वाटेत बा म्हणाला, "यवरा हलका कसा झायलास रं?" थोड्या वेळाने म्हणाला, "थय जेवाला घालत नव्हते?"

एवढंच बोलला. मी कान त्याच्या मानेला लावून ऐकत होतो, आणखी काही येतंय का. चालण्याचा आवाज आला.

घरात साहेब कंदील घेऊन फिरले. तीच आदर्श भिंत. मेमधले पांढरे डाग, पोपडे, कोपऱ्यात जळमटं. एवढं वाईट घर मी आमचं कधी बघितलं नव्हतं. साहेब मात्र खूश. गुणाजीने त्यावरच पुन्हा फवारा मारला. साहेबांनी आयला हात जोडून विचारलं, बाई, सगळं गाव सारवतं, तुम्हीच कशा नाही सारवलंत, तुम्हाला कोणी पटवून दिलं?

मी डोळे मिटून उत्तराची वाट बघत होतो.

आय म्हणाली, "कोन पटवनार? पोर गेलं त्या दिसापासना हातच उचलला नाय. कोनासाटी सारवायचं?"

साहेबांनी कंदील खाली ठेवला. काही लिहिलं नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार. नारळी पुनव. थळ.

सकाळी शेणाच्या वासाने जाग आली.

आयने पदर खोचला होता. शेणमाती कालवून तयार. बाहेर ढोल लागलेला. शेजारणी दारातून म्हणत होत्या, आयो नीराबाय, पुनवेच्या दिसाला आता कुटं सारवतंस? ती म्हणाली, "माजी पुनव आता आयली."

पहिला हात भिंतीवर पडायच्या आत मी उठून बसलो. प्रचारकाचं कर्तव्य. आणि आश्चर्य म्हणजे शब्द आले. सगळे, एका ओळीत, स्पष्ट. म्हणालो, "आय, फवारलेली भिंत सारवू नये, ही विनंती."

कर्ण्याशिवाय. माणसासमोर. पहिल्यांदा.

आय वळली. "कोनाची विनंती?"

"सरकारची."

"मंग सरकारला जेवाला बोलाव. नारलीभात हाय." आणि तिने हात मारला. कालचं ओलं औषध, मेचं औषध, सगळं एका लाटेखाली गेलं.

मी तिला सगळं समजावलं. डास कसा बसतो, कसा मरतो. मलाच कसा चावला. ती "हां, हां" म्हणत ऐकत होती आणि सारवत होती. शेवटी म्हणाली, "बोलतंस चांगला. आता बादली धर, वर हात पुरत नाय माजा."

अंगात ताप होता. पण धरली. बादली धरायचं काम मला येतं.

आतलं झाल्यावर ती बाहेर दाराशेजारी आली. माझं पहिलं वाक्य, मेची तारीख. तिने हात उचलला. बा नारळ घेऊन किनाऱ्यावर निघाला होता, तो उंबऱ्यात थांबला. म्हणाला, "ता ऱ्हाऊ दे. अक्षर बरा हाय." आणि गेला.

तेवढं सोडून तिने चारी बाजूंनी सारवलं.

तालुक्यात एकच भिंत उरली होती. तीही गेली. बादली मी धरली होती. साहेबांना काय कळवायचं ते बरं वाटल्यावर ठरवीन.

आता झोपतो. उद्या मच्छरदाणी बांधायला सांगतो. सांगितलं तर.